जर्मनीत परिचारिका म्हणून काम करण्यासाठी: कागदपत्रे, भाषा आणि परवाना

महाराष्ट्रात जी.एन.एम. किंवा बी.एस्सी. नर्सिंग पूर्ण करून जर्मनीत नोकरी करू इच्छिणाऱ्या परिचारिका आणि परिचारक यांच्यासाठी हा लेख आहे. जर्मनीत पात्र परिचारिका म्हणून काम करायचे असेल तर ‘फ्लेगेफाखफ्राऊ’, आणि पुरुष असल्यास ‘फ्लेगेफाखमान’, हे पदनाम वापरण्याचा सरकारी परवाना लागतो. तो मिळण्यासाठी आपले शिक्षण तिथल्या शिक्षणाशी समकक्ष असल्याचे सिद्ध करावे लागते, जर्मन भाषा बी२ (सहा पातळ्यांपैकी चौथ्या) पातळीपर्यंत यावी लागते, प्रकृती या कामाला योग्य असावी लागते आणि चारित्र्याबद्दल आक्षेप नसावा लागतो. शेवटच्या दोन अटी सहसा फारसा त्रास देत नाहीत. पहिल्या दोन मात्र बराच काळ घेतात, आणि त्या एकामागून एक पूर्ण करण्याऐवजी एकाच वेळी हाती घेतल्या तर वर्षभराचा वेळ सहज वाचतो. पुढील मांडणी त्याच हिशेबाने केली आहे.

आधी राज्य ठरवा

आपल्याकडे नोंदणी म्हटली की राज्याची नर्सिंग कौन्सिल डोळ्यांसमोर येते. जर्मनीत देशभरातील परिचारिकांची एकच नोंदवही ठेवणारी अशी संस्था नाही. ऱ्हाइनलँड-फाल्ट्स आणि नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालन या राज्यांत परिचारिकांची सक्तीच्या सदस्यत्वाची मंडळे आहेत, पण परदेशी शिक्षणाला मान्यता देण्याचे काम त्या-त्या राज्याच्या प्रशासनाकडेच असते. कायदा मात्र सगळीकडे एकच आहे. 1 जानेवारी 2020 पासून लागू झालेल्या परिचर्या व्यवसाय कायद्याने बालरुग्ण, सामान्य रुग्ण आणि वृद्ध यांच्या परिचर्येची पूर्वीची वेगवेगळी शिक्षणे एका सामाईक अभ्यासक्रमात आणली, आणि आपल्या पदवीची तुलना आता याच अभ्यासक्रमाशी होते.

जर्मनीत सोळा राज्ये आहेत आणि अंमलबजावणी प्रत्येकाची स्वतंत्र आहे. नॉर्डऱ्हाइन-वेस्टफालनमधील अर्ज म्युन्स्टरच्या जिल्हा प्रशासनाकडे जातात, बाडेन-वुर्टेमबर्गमधील श्टुटगार्टच्या प्रशासनाकडे, बव्हेरियातील त्या राज्याच्या परिचर्या कार्यालयाकडे, तर बर्लिनमध्ये ‘लागेझो’ या संक्षिप्त नावाने ओळखले जाणारे आरोग्य व समाजकल्याण कार्यालय हे काम पाहते. कोणते कागद हवेत, भाषांतर कोणाकडून करून घेतलेले चालते, कोणत्या भाषा परीक्षा मान्य आहेत, या बाबतींत राज्याराज्यांत फरक पडतो. म्हणून मैत्रिणीने हेसेनसाठी वापरलेली यादी घेऊन बव्हेरियासाठी फाईल तयार करण्यात अर्थ नसतो. परवाना एकदा मिळाला की तो संपूर्ण जर्मनीत चालतो, त्यामुळे पहिले राज्य निवडताना ‘कायमचे कुठे राहायचे’ असा विचार करण्याची गरज नाही. ज्या राज्यात नोकरीचा खरा प्रस्ताव आहे तेच राज्य निवडावे.

नोकरी अजून हातात नसेल तर बॉनमधील ‘झेडएसबीए’ या केंद्रीय सेवा कार्यालयाचा आधार घेता येतो. परदेशात असलेल्या अर्जदारांना योग्य कार्यालय शोधून देणे आणि कागद पुरे आहेत की नाहीत ते पाहणे हेच त्याचे काम आहे आणि त्यासाठी ते पैसे घेत नाही. ‘आनेरकेनुंग इन डॉइचलंड’ या सरकारी संकेतस्थळावर आपला व्यवसाय आणि ठिकाण भरले की सक्षम कार्यालयाचे नाव आणि पत्ता समोर येतो. जी माहिती इथे फुकट मिळते तिच्यासाठी सल्लागारांना हजारो रुपये मोजणारे अर्जदार आजही पुष्कळ आहेत.

नावाचा घोळ इथेच मिटवा

महाराष्ट्रातील अर्जांमध्ये सर्वाधिक वेळ खाणारी गोष्ट कोणती असे विचारले तर मी नावाकडे बोट दाखवीन. आपल्या गुणपत्रिकेवर आधी आडनाव, मग स्वतःचे नाव, मग वडिलांचे नाव आणि पुष्कळदा त्याखाली आईचे नाव असते. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो आणि वडिलांचे नाव कधी मधल्या नावात असते, कधी नसते. लग्नानंतर पासपोर्ट सासरच्या नावाने, महाराष्ट्र नर्सिंग कौन्सिलची नोंदणी माहेरच्या नावाने आणि अनुभवाचा दाखला तिसऱ्याच स्पेलिंगने, अशी स्थिती सर्रास आढळते. मुंबईच्या किंवा नाशिकच्या कारकुनाला ही एकच बाई आहे हे पाहताक्षणी कळते. म्युन्स्टरच्या कारकुनाला ते कळावे अशी अपेक्षा ठेवता येत नाही. तो अक्षराला अक्षर जुळवून पाहतो आणि जुळले नाही की खुलासा मागवतो, आणि मग प्रत्येक खुलाशामागे आठवडे जातात.

त्यामुळे पासपोर्टवरील नाव हे अंतिम धरावे आणि बाकीचे कागद त्याच्याशी जोडून घ्यावेत. विवाह नोंदणी प्रमाणपत्र जवळ हवेच. नाव बदलले असेल तर राज्याच्या राजपत्रातील प्रसिद्धीची प्रत ठेवावी. केवळ स्पेलिंगचा फरक असेल तर दोन्ही नावे एकाच व्यक्तीची असल्याचे प्रतिज्ञापत्र करून घ्यावे. नर्सिंग कौन्सिलकडील नाव बदलून घेणे शक्य असेल तर ते आधी करावे, कारण पुढे मिळणारा सद्यःस्थितीचा दाखला त्याच नावाने निघतो.

कौन्सिलकडून दोन गोष्टी लागतात. नोंदणी चालू असली पाहिजे. नूतनीकरण राहून गेले असेल तर ते आधी करून घ्यावे. दुसरे म्हणजे आपल्याविरुद्ध शिस्तभंगाची कारवाई नाही असे सांगणारा, बोलीभाषेत ‘गुड स्टँडिंग’ म्हटला जाणारा दाखला. हा फार लवकर काढला तर अर्ज करेपर्यंत जुना होतो, म्हणून तो भाषेची तयारी मध्यावर आल्यावरच मागवावा. पोलीस पडताळणीचा दाखला आणि वैद्यकीय दाखला यांनाही हेच लागू आहे.

अभ्यासक्रमाचे तास: फाईलचा कणा

पदवी प्रमाणपत्र आणि गुणपत्रिका यांवरून आपण काय शिकलो ते जर्मन अधिकाऱ्याला कळत नाही. तिथल्या परिचारिकेच्या तीन वर्षांच्या शिक्षणात किमान 2100 तास वर्गातील आणि 2500 तास प्रत्यक्ष कामाचे असतात, आणि आपल्या शिक्षणाची तुलना या चौकटीशी, विषयवार, केली जाते. त्यासाठी कॉलेजकडून ‘ट्रान्सक्रिप्ट’ घ्यावे लागते. त्यात प्रत्येक विषयाचे थिअरीचे तास, प्रत्येक विभागातील क्लिनिकल पोस्टिंगचे तास, कोणते रुग्णालय आणि कोणता कालावधी हे सर्व स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे. ‘मेडिकल सर्जिकल नर्सिंग: प्रथम श्रेणी’ एवढ्यावर कोणी समाधान मानत नाही.

बी.एस्सी. झालेल्यांची पदवी महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठाची, म्हणजे नाशिकची असते, आणि जी.एन.एम.ची परीक्षा राज्याचे नर्सिंग व निमवैद्यकीय शिक्षण मंडळ घेते. तासांचा तपशील मात्र बहुतेक वेळा कॉलेजच्या दप्तरातूनच काढावा लागतो. जुन्या बॅचच्या पोस्टिंगच्या वह्या कपाटात सापडतात, कधी सापडत नाहीत; प्राचार्य बदललेले असतात; एखादे कॉलेज बंदच झालेले असते. म्हणून भाषेचा पहिला वर्ग सुरू होईल त्याच आठवड्यात कॉलेजला लेखी अर्ज द्यावा आणि त्याची पोच घ्यावी. हे काम फोनवर होत नाही.

अनुभवाचे दाखलेही आपल्या पद्धतीने लिहिलेले चालत नाहीत. ‘अर्जदार कष्टाळू असून तिची वर्तणूक उत्तम होती’ हे वाक्य वाचायला बरे वाटते, पण समकक्षता ठरवताना त्याचा उपयोग शून्य. दाखल्यात कोणत्या विभागात, कोणत्या तारखेपासून कोणत्या तारखेपर्यंत, आठवड्याला किती तास आणि कोणती कामे केली हे हवे. भारतीय शिक्षणात वृद्धांची दीर्घकालीन परिचर्या आणि रुग्णाच्या घरी जाऊन करायची परिचर्या यांचे तास कमी पडतात असा शेरा बऱ्याचदा येतो. कोणी वृद्धाश्रमात, उपशामक केंद्रात किंवा होम नर्सिंगमध्ये काम केले असेल तर तो अनुभव नीट लिहून घेणे फायद्याचे, कारण संबंधित अनुभवाने शिक्षणातील कमतरता भरून निघू शकते.

कागद तयार झाले की त्यांचे जर्मन भाषांतर करावे लागते आणि ते शपथबद्ध भाषांतरकाराकडूनच करून घ्यावे. इंग्रजी कागद तसेच चालतील असे गृहीत धरू नये. इथे अपोस्टील, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात दाखवायची सरकारी मोहोर, याबद्दल सांगणे आवश्यक आहे. भारत 2005 मध्ये अपोस्टीलच्या हेग करारात सामील झाला तेव्हा जर्मनीने भारताच्या प्रवेशाला हरकत नोंदवली होती, त्यामुळे इतर अनेक देशांसाठी उपयोगी पडणारी ही मोहोर जर्मनीच्या बाबतीत आपोआप ग्राह्य ठरत नाही. कोणी ‘सगळ्या कागदांवर आधी अपोस्टील करून घ्या’ म्हणत असेल तर खर्च करण्यापूर्वी निवडलेल्या जर्मन राज्याच्या कार्यालयाची यादी उघडून त्यात काय मागितले आहे ते स्वतः वाचावे.

भाषा: बी२ पर्यंतचा पल्ला

आता मुख्य भाग. जर्मन भाषेच्या पातळ्या ए१, ए२, बी१, बी२, सी१ आणि सी२ अशा चढत जातात. परवान्यासाठी बी२ लागते. काही व्हिसामार्गांनी बी१ किंवा त्याहून कमी पातळीवर जर्मनीत प्रवेश मिळतो, पण तो परवाना नव्हे. तोपर्यंत सहायक म्हणून, कमी पगारावर काम करावे लागते आणि दिवसभर उभे राहून थकल्यावर संध्याकाळी बी२ चा अभ्यास करावा लागतो. माझे स्पष्ट मत असे की ज्यांना शक्य आहे त्यांनी बी२ इथेच पूर्ण करावे. घरचे जेवण, ओळखीचे गाव आणि मराठीत शंका विचारता येईल असे शिक्षक यांची किंमत परक्या देशातल्या पहिल्या हिवाळ्यात कळते.

गोएथे इन्स्टिट्यूटच्या हिशेबाने बी२ पर्यंत पोचायला 45 मिनिटांच्या 600 ते 800 तासिका लागतात. आठवड्याला दहा तासिका धरल्या तर हा चौदा महिन्यांपासून दीड वर्षांहून अधिक काळाचा पल्ला होतो, आणि रोटेशनची नाईट ड्युटी सांभाळून आठवड्याला दहा तासिका हीसुद्धा लहान गोष्ट नाही. ‘सहा महिन्यांत बी२’ अशी जाहिरात दिसली की भागाकार करून पाहावा: आठवड्याला तेवीस ते एकतीस तासिका, शिवाय गृहपाठ. नोकरी सोडून पूर्णवेळ बसणाऱ्याला ते जमू शकते. वॉर्डात काम करणाऱ्याला नाही.

महाराष्ट्रात शिकण्याची सोय चांगली आहे. गोएथे इन्स्टिट्यूट आपल्याकडे माक्स म्युलर भवन या नावाने ओळखली जाते आणि तिची केंद्रे पुण्यात बोट क्लब रस्त्यावर व मुंबईत काळा घोडा परिसरात आहेत. पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, म्हणजे फर्ग्युसन रस्त्यावरील रानडे इन्स्टिट्यूट, कित्येक पिढ्यांपासून जर्मन शिकवत आला आहे. लातूर, नांदेड किंवा जळगावच्या मुलींना ऑनलाईन वर्गांचा पर्याय आहे, मात्र परीक्षा केंद्रावर जाऊन द्यावी लागते आणि परीक्षेच्या जागा लवकर भरतात, म्हणून तारखांवर आधीपासून लक्ष ठेवावे.

गोएथेची बी२ परीक्षा वाचन, श्रवण, लेखन आणि संभाषण अशा चार भागांची असते. वाचनाला 65 मिनिटे, श्रवणाला साधारण 40, लेखनाला 75 आणि संभाषणाला सुमारे 15 मिनिटे मिळतात. प्रत्येक भाग 100 गुणांचा असून उत्तीर्ण होण्यासाठी त्यात 60 गुण लागतात. एका भागात कमी पडलेले गुण दुसऱ्यातून भरून निघत नाहीत, पण नापास झालेला भाग तेवढाच पुन्हा देता येतो. चारही भाग एकदम देण्याचा अट्टाहास नको. ज्याची तयारी झाली तो आधी द्यावा. लेखनात एका चर्चेच्या विषयावर आपले मत मांडायचे असते आणि कामाच्या ठिकाणच्या वरिष्ठाला वगैरे एक औपचारिक निरोप लिहायचा असतो. संभाषणात उमेदवार दोघे असतात: प्रत्येकाने एका विषयावर छोटे भाषण करायचे, मग समोरच्याशी वाद घालायचा. आपल्याकडील हुशार मुली इथे अडखळतात, कारण आपल्या परीक्षांत मत विचारण्याची पद्धत नाही. परीक्षक उत्तर बरोबर की चूक हे पाहत नाहीत. तुम्ही कारण देता का, समोरच्याचे म्हणणे खोडता का, मान्य करता का, हे पाहतात. त्यासाठी घरी मैत्रिणीबरोबर रोज एका विषयावर जर्मनमध्ये भांडण्याचा सराव करावा.

मराठी माणसाला जर्मन शिकताना काही गोष्टी सोप्या जातात. आपल्याकडे तो, ती, ते अशी तीन लिंगे आहेत, त्यामुळे नपुंसकलिंग ही कल्पनाच नवी नसते, फक्त कोणत्या नामाचे कोणते लिंग ते नव्याने पाठ करावे लागते. गौण वाक्यात क्रियापद शेवटी जाणे आपल्याला खटकत नाही. आणि आकडे: इंग्रजीतून आलेल्या इतर विद्यार्थ्यांची जर्मन आकड्यांत तारांबळ उडते, कारण तिथे एकक आधी आणि दशक नंतर येते. आपले पस्तीस, पंच्याऐंशी तसेच आहेत. ड्युटी सोपवताना कोणी रक्तदाब ‘हुंडर्टफ्युन्फउंडद्रायसिश त्सू फ्युन्फउंडआख्त्सिश’ असा सांगितला तर तो 135/85 आहे हे मराठीत विचार करणाऱ्याला चटकन उमगते. इंग्रजीत विचार करणारा 153 लिहून मोकळा होतो. म्हणून आकडे इंग्रजीवरून नव्हे तर मराठीवरून पाठ करावेत.

परिचर्येच्या भाषेसाठी ‘टेल्क’ संस्थेची बी१-बी२ फ्लेगे ही वेगळी परीक्षा आहे. तिच्यात वॉर्डातील संभाषण, रुग्णाची नोंद आणि ड्युटी सोपवणे हेच विषय असतात, त्यामुळे ती परिचारिकांना जवळची वाटते. ती निवडलेल्या जर्मन राज्यात चालते का, हे आधी विचारावे. काही ठिकाणी सामान्य बी२ बरोबर व्यावसायिक भाषेची स्वतंत्र चाचणीही मागतात.

अर्ज आणि त्यानंतर येणारे पत्र

अर्जासोबत तक्त्याच्या स्वरूपातील परिचयपत्र, पासपोर्टची प्रत, पदवी किंवा पदविका, ट्रान्सक्रिप्ट, नर्सिंग कौन्सिलची नोंदणी, अनुभवाचे दाखले आणि त्या राज्यात नोकरी करण्याचा इरादा दाखवणारा कागद जोडावा लागतो. मूळ कागद टपालाने कधीही पाठवू नयेत. प्रमाणित प्रतीच द्याव्यात. अर्जाचे शुल्क राज्यानुसार बदलते. अर्ज मिळाल्याची पोच आणि काय कमी आहे ते कार्यालयाने महिन्याभरात कळवायचे असते. निर्णयाची तीन ते चार महिन्यांची मुदत मात्र सगळे कागद पुरे झाल्यापासून मोजली जाते. अपुरी फाईल पाठवून ‘रांगेत नंबर लागला’ असे समजणे म्हणूनच फसवे आहे.

पहिल्या फेरीतच पूर्ण समकक्षता क्वचित मिळते. बहुतेकांना ‘डेफिझिटबेशाइड’ येते, म्हणजे कोणत्या विषयांत किती कमी पडले ते सांगणारे त्रुटीपत्र. हे पत्र पाहून रडू येणाऱ्या मुली मी पाहिल्या आहेत, पण ते नकारपत्र नव्हे. व्हिसाच्या फाईलमध्ये हेच पत्र सर्वांत महत्त्वाचा कागद ठरते, कारण त्यात उरलेली कमतरता जर्मनीत जाऊन कशी भरून काढायची ते लिहिलेले असते.

त्यासाठी दोन मार्ग असतात. ‘केंटनिसप्र्युफुंग’ ही ज्ञानपरीक्षा आहे: तिचा तोंडी भाग 45 ते 60 मिनिटांचा असतो आणि प्रात्यक्षिकात खऱ्या रुग्णांच्या दोन ते चार परिस्थिती हाताळाव्या लागतात. जो भाग जमला नाही तो एकदा पुन्हा देता येतो. दुसरा मार्ग ‘आनपासुंग्सलेअरगांग’, म्हणजे काही महिन्यांचे समायोजन प्रशिक्षण. त्यात वर्ग आणि विविध विभागांतील काम असते आणि शेवटी संभाषणाच्या स्वरूपात मूल्यमापन होते. परीक्षेची भीती नसलेल्या, अलीकडेच शिक्षण झालेल्या मुलींनी पहिला मार्ग घ्यावा. शिक्षण होऊन बरीच वर्षे लोटली असतील किंवा बोलताना अजून अडखळायला होत असेल तर प्रशिक्षणच बरे, कारण त्यात भाषा आपोआप घासली जाते. 2024 च्या सुरुवातीपासून कायद्यात एक सवलत आली आहे: अर्जदार सविस्तर तुलना नको असे सांगून थेट परीक्षा किंवा प्रशिक्षण मागू शकतो. ट्रान्सक्रिप्ट मिळणे अशक्य झालेल्यांना ही वाट मोलाची आहे.

प्रात्यक्षिकात सलाईन लावण्याचे कौशल्य फार विचारत नाहीत. रुग्णाची गरज ओळखणे, परिचर्येचे नियोजन लिहिणे, आपण हे का करत आहोत ते रुग्णाला सांगणे आणि काम कितपत साधले ते पाहणे, यांवर भर असतो. कायद्याने परिचर्येची गरज ठरवणे आणि तिचे नियोजन करणे ही कामे फक्त परवानाधारक परिचारिकेसाठी राखून ठेवली आहेत, त्यामुळे परीक्षकांचे लक्ष तिथेच असते.

व्हिसा

त्रुटीपत्र, नोकरीचा करार आणि परीक्षा किंवा प्रशिक्षणाची जागा हाती आली की मान्यतेसाठीच्या व्हिसाचा अर्ज करता येतो. हा निवास परवाना 24 महिन्यांपर्यंत मिळतो आणि गरज पडल्यास एकूण तीन वर्षांपर्यंत वाढतो. मार्च 2024 पासून ‘मान्यता भागीदारी’ असा आणखी एक मार्ग आहे, ज्यात ए२ भाषा, भारतात मान्य असलेले किमान दोन वर्षांचे शिक्षण आणि जर्मन मालकाशी केलेला करार असला की आधी जाऊन मान्यतेचा अर्ज तिथे करता येतो. सोपा वाटतो म्हणून बरेच जण तिकडे वळतात. पण सहायकाच्या पगारावर किती महिने निघतील ते आधी नीट मोजावे. मालकाला घाई असेल तर तो तिथल्या परदेशी नागरिक कार्यालयामार्फत 411 युरो शुल्क भरून जलद प्रक्रिया सुरू करू शकतो. त्यात मान्यतेच्या निर्णयाची मुदत दोन महिन्यांवर येते.

महाराष्ट्र आणि गोव्यातील अर्जदार मुंबईच्या जर्मन वाणिज्य दूतावासाच्या कार्यक्षेत्रात येतात. दीर्घ मुदतीच्या व्हिसाचा अर्ज आता जर्मन परराष्ट्र खात्याच्या ऑनलाईन पोर्टलवर भरता येतो, नंतर बोटांचे ठसे आणि मूळ कागद घेऊन प्रत्यक्ष जावे लागते. शुल्क 75 युरो आहे. पूर्ण मान्यतेनंतर कुशल कामगाराचा निवास परवाना पहिल्यांदाच घेताना वय 45 पूर्ण झालेले असेल तर ठरावीक किमान पगार किंवा वृद्धापकाळाची तरतूद दाखवावी लागते. अनुभवी सिस्टर मंडळींना ही अट फार उशिरा कळते, म्हणून ती इथे मुद्दाम लिहिली.

एजंट आणि करार

भारतात परदेशी नोकरीसाठी भरती करणाऱ्या एजंटाला 1983 च्या स्थलांतर कायद्यानुसार परराष्ट्र मंत्रालयाकडे नोंदणी करावी लागते, आणि तो उमेदवाराकडून सेवाशुल्क म्हणून 30,000 रुपये आणि त्यावरील जीएसटी यांपेक्षा अधिक घेऊ शकत नाही. नोंदणी आहे की नाही ते ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासता येते. दोन-तीन लाखांचे ‘पॅकेज’ सांगितले जात असेल तर त्यात नेमके काय आहे ते लेखी मागावे. जर्मन बाजूला ‘न्याय्य भरती’चे सरकारी गुणवत्ता चिन्ह आहे. ते मिळालेल्या संस्थेला भरतीचा खर्च परिचारिकेवर टाकता येत नाही. तो मालकाने उचलायचा असतो. जर्मन सरकारी रोजगार संस्था आणि ‘जीआयझेड’ ही जर्मन सरकारची आंतरराष्ट्रीय सहकार्य संस्था यांचा परिचारिका भरतीचा ‘ट्रिपल विन’ कार्यक्रम केरळ सरकारच्या ‘नोर्का’ संस्थेबरोबर चालतो. महाराष्ट्रानेही 2024 मध्ये बाडेन-वुर्टेमबर्गशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हा खाजगी एजंटाकडे जाण्याआधी राज्य सरकारच्या योजनेत सध्या परिचारिकांसाठी काय उघडे आहे याची चौकशी करावी.

करार जर्मन भाषेत असतो. सही करण्यापूर्वी तो आपल्या शिक्षकाकडून समजून घ्यावा आणि तीन गोष्टी विशेष पाहाव्यात: परवाना मिळेपर्यंत आणि मिळाल्यानंतर पगार किती, आठवड्याला कामाचे तास किती, आणि नोकरी लवकर सोडल्यास भाषावर्गाचा किंवा प्रवासाचा खर्च परत मागितला जाईल का. शेवटच्या अटीवर रक्कम आणि मुदत लिहिलेली नसेल तर ती लिहून मागावी.

पोचल्यावर

पहिल्या काही दिवसांत राहण्याच्या पत्त्याची नगरपालिकेत नोंद, बँक खाते, आरोग्य विमा आणि करक्रमांक ही कामे उरकतात. आरोग्य संस्थांत काम करणाऱ्या, 1970 नंतर जन्मलेल्या प्रत्येकाला गोवराच्या लसीचा पुरावा द्यावा लागतो, म्हणून दोन डोसचा दाखला इथूनच बरोबर न्यावा; बालपणीचे लसीकरण कार्ड हरवले असेल तर डॉक्टरांकडून नव्याने डोस घेऊन तसे लिहून घ्यावे.

वॉर्डातला सर्वांत मोठा धक्का कामाच्या वाटणीचा असतो. आपल्याकडे रुग्णाला अंघोळ घालणे, बेडपॅन देणे आणि भरवणे ही कामे मावशी, वॉर्डबॉय किंवा नातेवाईक करतात आणि सिस्टर औषधे, इंजेक्शने, सलाईन सांभाळते. जर्मनीत नातेवाईक खाटेजवळ मुक्काम करत नाहीत आणि रुग्णाची शारीरिक स्वच्छता हा परिचारिकेच्या कामाचा गाभा मानला जातो. उलट शिरेत कॅन्युला घालणे अनेक रुग्णालयांत डॉक्टरांकडे असते. ‘माझी पदवी असून मला अंघोळ घालायला लावतात’ अशी तक्रार इथे उपयोगाची नाही. त्या अर्ध्या तासात परिचारिका रुग्णाची त्वचा, श्वास, हालचाल आणि मनःस्थिती पाहते, आणि परीक्षेतील परिचर्या नियोजन याच निरीक्षणातून लिहायचे असते.

ज्ञानपरीक्षा किंवा प्रशिक्षण पार पडले की परवाना आपोआप घरी येत नाही. निकालपत्र, बी२ प्रमाणपत्र, ताजा वैद्यकीय दाखला आणि जर्मन चारित्र्य दाखला जोडून राज्याच्या त्याच कार्यालयाकडे परवान्यासाठी पुन्हा अर्ज करावा लागतो. तो हाती आला की त्याची प्रत मालकाच्या कार्मिक विभागाला त्याच दिवशी लेखी द्यावी, म्हणजे परिचारिकेचा पगार कोणत्या तारखेपासून लागू झाला याबद्दल पुढे वाद उरत नाही. मान्यतेसाठीच्या निवास परवान्याची मुदत संपण्यापूर्वी परदेशी नागरिक कार्यालयात कुशल कामगाराच्या निवास परवान्यासाठी वेळ घ्यावी. मोठ्या शहरांत ही वेळ मिळायलाच महिने लागतात, त्यामुळे परीक्षेची तारीख ठरताच ती मागून ठेवावी.